एकतीस नंबरचं पिस्तूल

माझं काम हरवलेल्या वस्तू शोधण्याचं आहे, असं आमच्या मजल्यावरच्या आंटीला कुणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. माझा संशय नवऱ्यावर आहे. लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी गप्पा मारायची त्याला सवय आहे आणि माझ्या नोकरीबद्दल त्याला एवढीच माहिती आहे. तो बँकेत नक्की काय करतो ते मला तेवढंही सांगता येणार नाही, तेव्हा फिटंफाट.

खरं काम असं की मी गोदामांचं सॉफ्टवेअर बघते. ऑफिस अलेक्झांड्राला, घरापासून चालत वीस मिनिटं. प्रत्येक खोक्याला एक नंबर द्यायचा, मग ते खोकं कुठल्या रॅकवर गेलं, कुठून कुठे हललं, हे त्या नंबरावरून कळतं. नवीन मुलंमुली कामावर आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट घोकायला लावते: एक वस्तू, एक नंबर. ही शिकवण मी चौदा वर्षं देते आहे, आणि ती किती कच्ची आहे हे मला क्वीन्सटाउनमधल्या आमच्या जुन्या ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये कळायचं होतं.

आंटी कॉरिडॉरच्या टोकाच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. चिनी, नव्वदीला आलेली, अंगाने काडी. चिनी नववर्षाला ती आम्हाला संत्री देते, दिवाळीला आम्ही तिला चकल्या देतो. चकलीला ती मुरुक्कू म्हणते आणि मी दर वर्षी सांगते की हे मुरुक्कू नाही. ‘सेम सेम लाह,’ असं इथल्या लकबीत म्हणून ती दार लावून घेते. मला ती ‘गर्ल’ म्हणते. मी पन्नाशीला टेकले आहे, पण या बेटाएवढ्या देशात मला गर्ल म्हणणारी ती एकटीच असल्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी मी कोथिंबीर निवडत बसले होते, तेव्हा ती बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा घेऊन आली. डबा तिने कोथिंबिरीच्या शेजारी ठेवला आणि उघडला. आत चामड्याचं काहीतरी होतं, वाळून आमसुलासारखं काळं आणि वेडंवाकडं झालेलं. त्याला एक पितळी बटण आणि पैशाएवढी एक पितळी चकती. चकतीवर ३१ हा आकडा ठोकलेला. खाली चार घड्या घातलेला एक तपकिरी कागद.

ते पिस्तुलाचं कव्हर आहे, असं ती म्हणाली, तेव्हा नवरा आतून बाहेर आला. ‘आत काही नाही ना?’ त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने ते उचलून आत डोळा घालून बघितलं आणि पुन्हा विचारलं. इथे घरात बंदुकीची नुसती गोळी सापडली तरी माणूस आयुष्यातून उठतो. आंटी गेल्यावर त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

आंटीने त्या सकाळी सांगितलं ते थोडक्यात असं. तिचे वडील महायुद्धाच्या काळात उत्तरेकडच्या इंग्रजांच्या आरमारी तळावर शस्त्रांच्या भांडारात मदतनीस होते. पुसायचं, तेल लावायचं, जागेवर ठेवायचं, एवढंच काम. एक मोठी युद्धनौका आली होती. तिच्यावरची काही पिस्तुलं दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आली. नौका निघाली आणि थोड्याच दिवसांत बुडाली. मग भांडारातली पिस्तुलं मोजली तर एक कमी. वडिलांना कामावरून काढलं. डब्यातला कागद त्याच वेळचा होता: अमुक जहाजाचं एकतीस नंबरचं पिस्तूल कमी भरलं, सबब मदतनिसाला काढण्यात येत आहे.

तिचा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याची शाळा सुटली आणि तो नदीकाठच्या गोदामांत गोणी वाहायला लागला. चोराचा मुलगा म्हणून तिथेही त्याला ऐकून घ्यावं लागे. त्यांच्यात एक रीत आहे. जेवायला बसलं की लहानांनी मोठ्यांना एकेकाला हाक मारून जेवायला बोलवायचं, मगच आपण घास घ्यायचा. भाऊ आईला हाक मारायचा, आजीला मारायचा. वडिलांना हाक मारणं त्याने त्या दिवसापासून सोडलं. वडील पुढे हातगाडी ओढत राहिले आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांनी गेले. भावाने बहिणींना मोठं केलं, स्वतःचा संसार केला, आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला मुलाकडे असतो. त्या घरात पूर्वजांची जागा आहे. तिथे आजीआजोबांचे फोटो आहेत, आईचा आहे. वडिलांचा फोटो आंटीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली.

आमच्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो देवघरात ठेवत नाहीत, दक्षिणेच्या भिंतीला लावतात आणि हार वाळला तरी महिनोन्महिने तसाच असतो. त्यामुळे आधी मला वाटलं, फोटोच तर आहे, लावा तुमच्याच घरी. मी तसं बोललेही. आंटीने माझ्याकडे असं बघितलं की मी कोथिंबिरीच्या काड्या मोडायला लागले. सणाला त्या जागेसमोर जेवण मांडतात, उदबत्त्या लावतात, आणि घरातला मोठा मुलगा पितरांना जेवायला बोलावतो. तिने बोलावून काय उपयोग? मोठ्या मुलाने बोलवायला हवं. भाऊ पंचाण्णव वर्षांचा, ती अठ्ठ्याऐंशीची, कोण आधी जाईल सांगता येत नाही. त्याआधी वडिलांनी ऐंशी वर्षांचा उपास सोडावा, एवढंच तिला हवं होतं.

‘माझा भाऊ माणसाचं ऐकत नाही,’ ती म्हणाली. ‘कागदाचं ऐकतो. तू कागद शोध.’

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं आठवड्याचं काम आहे. ज्या पिस्तुलाला नंबर आहे ते हरवेलच कसं?

जुन्या शस्त्रांची आवड असलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा सापडला. तिथे कोणत्या स्क्रूचं डोकं कोणत्या वर्षी बदललं यावरून लोक एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात. त्यांच्यात इंग्लंडमधले एक निवृत्त गृहस्थ होते. त्या एकाच युद्धनौकेवर दिलेल्या पिस्तुलांचा माग काढण्यात त्यांनी सगळं निवृत्त आयुष्य घातलं होतं. जहाज समुद्राच्या तळाशी, पण निघण्याआधी किनाऱ्यावर उतरलेली, बदलून दिलेली, कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेली अशी काही पिस्तुलं जगात कुठेतरी असणार, असा त्यांचा हिशेब. माझा नवरा त्यांना पिस्तुलवाले आजोबा म्हणू लागला. आजोबांच्या ईमेलमध्ये पहिल्या दोन परिच्छेदांत त्यांचे गुडघे असत आणि तिसऱ्यात पिस्तूल. मी आधी तिसरा वाचायचे, मग वाईट वाटून पहिले दोन.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी दफ्तरखान्यात काढलेल्या फोटोंपैकी एका पानाचा फोटो पाठवला. जहाज बुडाल्यावर तळावर केलेली यादी होती: जहाजाबरोबर काय काय गेलं. पिस्तुलाचा नंबर, कुणाकडे होतं, शेरा. मी बोटाने खाली खाली येत गेले. एकतीस. पुढे एका अधिकाऱ्याचं नाव. शेरा: जहाजाबरोबर बुडालं.

मी ऑफिसात होते. उभी राहिले आणि पुन्हा बसले. एकतीस नंबर समुद्रात आहे, म्हणजे ते भांडारातून चोरीला जाऊच शकत नाही. गडबडीत मोजणारा चुकला, आणि आंटीचे वडील फुकट बदनाम झाले. मला इतका आनंद झाला की मी दुपारची मीटिंग सर्दी झाली म्हणून टाळली आणि बसून अहवाल लिहिला. दोन पानं, वर तारीख, खाली निष्कर्ष, मागे पुरावा म्हणून पानाचा फोटो. ऑफिसात मी अगदी असेच अहवाल लिहिते. ते कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

हा मात्र वाचला गेला. आंटीने तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून सेंगकांगला नेला. भावाने तीन दिवस भिंग घेऊन वाचला आणि सुनेकडून प्रत्येक वाक्य समजावून घेतलं. मग म्हणाला, बरं. आंटीने हे मला सांगितलं तेव्हा ती माझ्या दारात उभी होती आणि पहिल्यांदाच तिने माझा हात धरला. पूर्वजांच्या दिवसांतला एक रविवार ठरला. त्या दिवशी फोटो लागणार होता आणि मला जेवायला बोलावणं होतं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण आजोबांना मी खूश होऊन आभाराची मेल लिहिली, आणि त्यांनीही खूश होऊन आणखी दोन पानं पाठवली.

एक पान किनाऱ्यावर दुरुस्तीला आलेल्या पिस्तुलांचं होतं. त्यात एकतीस होतं. आठवडा तोच. दुसरं पान आधीच्या एका वर्षाचं, जहाजावरचं. त्यातही एकतीस, आणि पुढे शेरा ‘बदललं’. म्हणजे एकतीस नंबरचं पिस्तूल आधीच कधीतरी बदलून गेलेलं होतं, नंतर किनाऱ्यावर स्प्रिंग दुरुस्त करून घेत होतं आणि त्याच आठवड्यात एका अधिकाऱ्याच्या कमरेला समुद्राच्या तळाशीही जात होतं.

मी चक्रावले. आधी वाटलं लिहिणाऱ्याची चूक. मग वाटलं आठाचा तीन वाचला असेल. मी एक्सेल उघडलं, रंग भरले. दुरुस्तीचं हिरवं, बुडालेलं निळं, बदललेलं पिवळं. आठवडाभरात शीट सतरंजीसारखं दिसायला लागलं आणि मला काहीएक कळेना. एकाच नंबराची तीन पिस्तुलं? की एकच पिस्तूल तीन ठिकाणी? आणि डब्यातली चकती मग कुणाची? डोक्याचा नुसता भुगा झाला. माझी मुलगी येता-जाता स्क्रीनकडे बघून म्हणायची, ‘मॉमी, घोस्ट पिस्तूल लाह.’ मी तिच्यावर ओरडले. वाक्याचा राग नव्हता. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, म्हणून ओरडले.

त्याच सुमारास आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. आई आली की माझ्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेते. कागद पसरलेले तिला चालत नाहीत. ‘हे काय आहे?’ तिने विचारलं. मी वैतागून सगळं सांगितलं, बरंच ओरडून, कारण तिला ऐकू कमी येतं आणि मला चीड जास्त होती. तिने चष्मा लावून पानं बघितली. इंग्रजी तिला बेताचं येतं, पण आकडे वाचायला काय लागतं?

‘अगं, हा पिस्तुलाचा नंबर नाहीच,’ ती म्हणाली. ‘हा खुंटीचा नंबर आहे.’

ती शांतपणे सांगायला लागली. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची भांडी वीस वर्षं तिच्याकडे होती. पातेली, पराती, झारे, कढया. डोहाळेजेवण असो, सत्यनारायण असो, लोक घेऊन जात आणि आणून देत. मांडणीवर लाल रंगाने जागांना नंबर घातले होते आणि तेच नंबर भांड्यांवर. एकदा सात नंबरची परात एका घरी गेली आणि आलीच नाही. मंडळाने नवी परात घेतली. तिच्यावर काय नंबर घालणार? सात. जागा सातची होती ना. चार वर्षांनी त्या बाईंच्या माळ्यावर जुनी परात सापडली आणि त्या घेऊन आल्या. ही घ्या तुमची सात नंबर. आई म्हणाली, आमची सात इथेच आहे. वहीत तर सात कधी हरवलीच नव्हती. त्या बाई परात हातात धरून जिन्यात उभ्या.

‘नंबर हरवत नाही गं,’ आई म्हणाली. ‘भांडं हरवतं.’

तोपर्यंत आईने माघारी त्या बाईंना परातचोर म्हणून घेतलं होतं, हेही तिने सांगितलं. नंतर तिने माफी मागितली, पण बाई मंडळात परत आल्या नाहीत. एवढं सांगून ती कागद गोळा करून टेबल पुसायला लागली.

मी आजोबांना विचारलं. उत्तर लगेच आलं, या वेळी गुडघ्यांशिवाय. अर्थातच, त्यांनी लिहिलं होतं, तो आकडा शस्त्रांच्या मांडणीतल्या जागेचा. पिस्तुलाचा स्वतःचा लांबलचक नंबर लोखंडावर कोरलेला असतो, पण या याद्यांत तो कुणी लिहीत नसे. जहाजावर एवढंच बघायचं असतं की कुठली जागा रिकामी आहे. एक पिस्तूल दुरुस्तीला गेलं की दुसरं त्याच जागी, त्याच आकड्याने. मला वाटलं तुम्हाला हे ठाऊक असेल, असं शेवटी लिहिलं होतं.

चौदा वर्षं. एक वस्तू, एक नंबर. गोदामाच्या सॉफ्टवेअरवाल्या बाईखेरीज ही चूक करणार तरी कोण?

आता चित्र असं होतं: जुनं एकतीस किनाऱ्यावर दुरुस्तीला आलं. त्याच्या जागी दुसरं एकतीस जहाजावर टांगलं गेलं आणि बुडालं. किनाऱ्यावरचं कमी भरलं. म्हणजे मोजणारा चुकला नसेल. म्हणजे आंटीच्या वडिलांनी ते घेतलं असू शकतं, किंवा दुसऱ्या कुणी घेतलं असू शकतं, किंवा त्या पळापळीत ते कुणा सैनिकाला न लिहिता दिलं गेलं असू शकतं. माझ्या दोन पानांनी यातलं काहीच सिद्ध होत नव्हतं. त्यापेक्षा कोरा कागद जास्त खरा होता. आणि रविवार चार दिवसांवर आला होता.

नवरा म्हणाला, गप्प बस, फोटो लागू दे. आई म्हणाली, सांगून टाक, नाहीतर पुढे तुलाच त्रास होईल. मला दोघांचंही पटत होतं. दिवसातून तीनदा मी आंटीच्या दारापर्यंत जायचे. ती फोटो नवीन फ्रेममध्ये घालून आली होती आणि मला विचारत होती की काचेवर डाग दिसतो का. मी म्हणायचे, नाही दिसत, आणि परत यायचे.

शेवटी रविवारी गाडीत सांगायचं ठरवलं. आईने यायचं टाळलं, त्यांच्या जेवणात काय काय असेल या भीतीने. क्वीन्सटाउनहून आम्ही दोघी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसलो. आंटीच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत संत्री आणि टॉवेलात गुंडाळलेला फोटो. औट्रम पार्कला गाडी बदलायची असते. तिथे चालणं बरंच आहे, म्हणून ती फलाटावरच्या बाकावर टेकली आणि मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. परात वगळली, बाकी सगळं. माझा अहवाल चुकला, त्यावरून तुझे वडील निर्दोष ठरत नाहीत, दोषीही ठरत नाहीत, माझंच चुकलं, मला माफ कर. एक गाडी आली आणि गेली.

आंटी गाडी गेली त्या बोगद्याकडे बघत होती.

‘ते तांदळाच्या मडक्यात होतं,’ ती म्हणाली.

मला वाटलं ती भलतंच काहीतरी बोलते आहे. मग ती सांगत गेली, आणि मी इतकी गोंधळून गेले की दुसरी गाडीही सोडली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. एका दुपारी वडील घरी आले, सदऱ्याखालून काहीतरी काढून त्यांनी तांदळात खोल खुपसलं आणि तिला सांगितलं, तांदळात हात घालायचा नाही. आईने संध्याकाळी तांदूळ काढायला हात घातला, थांबली, काही न बोलता हात काढून घेतला. घरात आई, आजी आणि तीन मुली होत्या. शत्रूचं सैन्य उतरलं आहे आणि बायकांचं काय होतं, हे गल्लीत सगळे कुजबुजत होते. वडिलांनी पिस्तूल घेतलं ते त्यासाठी. त्यांना ते चालवता येत होतं की नाही, कुणास ठाऊक. मग सैन्य शहरात शिरलं आणि बातमी आली की ज्या घरात शस्त्र सापडेल ते घरच्या घर उचलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी पिस्तूल बनियनमध्ये गुंडाळून भाजीच्या टोपलीत घातलं, तिला सायकलवर पुढे बसवलं आणि समुद्रावर नेलं. पोर बरोबर असेल तर कुणी अडवत नाही. धक्क्यावरून त्यांनी ते पाण्यात टाकलं. कव्हर घरी जाळायला काढलं होतं, ते तिने लपवलं, बटण चमकत होतं म्हणून. हे त्यांना कधीच कळलं नाही. येताना त्यांनी तिला सांगितलं, कुणाला बोलू नकोस, दादालाही नाही.

ती बोलली नाही. ऐकणारी मीच पहिली.

‘पण मग भावाला खरं का नाही सांगितलं?’ मी विचारलं. ‘तुमच्यासाठीच घेतलं होतं ना त्यांनी?’

तिने मान हलवली. भावाने अर्धंच ऐकलं असतं, असं ती म्हणाली. घेतलं होतं, एवढं अर्धं. पुढचं ऐकायला तो थांबला नसता.

मला राग आला. खरंच आला. सहा महिने मी रंगीत खाने भरत होते, मुलीवर ओरडत होते, इंग्लंडातल्या म्हाताऱ्याचे गुडघे वाचत होते, आणि हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मला कशाला कामाला लावलंस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. पलीकडच्या बाकावरच्या मुलाने कानातलं काढून बघितलं.

‘तू हुशार आहेस, गर्ल,’ आंटी म्हणाली. ‘तुला सापडलं असतं तर कुणालाही सापडलं असतं. आता सांग. एकतीस नंबर कुणी घेतलं, हे कुणाला सांगता येईल?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कुणालाच नाही.’

‘गुड,’ ती म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली. ‘आता शोधू नकोस.’

सेंगकांगला उतरून आम्ही पुढे एलआरटीच्या छोट्या गाडीत बसलो. मला काय वाटत होतं ते आजही धड सांगता येत नाही. राग होता, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि पाच वर्षांची मुलगी सायकलच्या दांडीवर बसलेली डोळ्यांसमोरून जात नव्हती.

भावाचं घर माणसांनी भरलं होतं. तो खुर्चीत, ताठ, इस्त्रीचा शर्ट घातलेला. पूर्वजांच्या फोटोंच्या रांगेत आईच्या शेजारी जागा करून ठेवली होती. आंटीने स्वतः फोटो ठेवला. वडील फोटोत माझ्या नवऱ्यापेक्षाही लहान दिसत होते. फोटोखाली, उदबत्त्यांच्या भांड्याला टेकून, प्लास्टिकच्या फाइलमध्ये माझा अहवाल ठेवला होता. कुणी वाचत नाही म्हणून मी ज्याची थट्टा करते तो अहवाल, संत्र्यांच्या शेजारी, आणि त्यावर उदबत्तीची राख पडत होती. मला तो उचलून पिशवीत घालावासा वाटला.

भावाने मला जवळ बोलावलं. तो त्यांच्या भाषेत बोलला आणि सुनेने सांगितलं, ‘बाबा विचारतायत, तुमची खात्री आहे ना?’

सगळे माझ्याकडे बघत होते. आंटी बघत नव्हती. ती संत्री रचत होती, खाली तीन, वर एक, पुन्हा काढून पुन्हा.

‘एकतीस नंबर जहाजाबरोबर बुडालं,’ मी म्हटलं. ‘यादीत तसंच लिहिलं आहे.’

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी खोटं बोलले की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. घरी आल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली, मी त्या बाईंना एवढं म्हटलं असतं तरी त्या मंडळात आल्या असत्या. मग ती फोडणी घालायला उठली. मला त्यातून नीट उत्तर मिळालं नाही.

सुनेने माझं वाक्य भावाला सांगितलं. त्याने मान हलवली. टेबलावर जेवण मांडलं गेलं, आणि फोटोंपुढेही छोट्या वाट्यांतून मांडलं. घरातली सगळ्यात लहान नात उभी राहिली आणि एकेकाला हाक मारून जेवायला बोलवू लागली. आजी, जेवा. आत्या, जेवा. पणजोबांचा नंबर आला तेव्हा तिने त्यांनाही बोलावलं. भाषा येत नव्हती तरी चारपाच वेळा ऐकून ते दोन शब्द मला पाठ झाले.

पण भाऊ वाडग्याला हात लावेना. दोन्ही हात टेबलावर टेकून तो उठला, कुणी धरायला आलं त्याला दूर केलं आणि फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग त्याने वडिलांना हाक मारली आणि तेच दोन शब्द म्हटले.

आंटीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. तो परत येऊन बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग त्याने पहिला घास घेतला आणि आम्ही सगळे जेवायला लागलो.